सिंक्रोनस बक चिप लावताय? १२ व्होल्टवाल्यांनी आधी हे वाचा

आमच्याकडे येणारा दुसरा-तिसरा प्रश्न हाच असतो, की १२ व्होल्टवरून ५ किंवा ३.३ करायचेत तर ७८०५ सारखा साधा रेग्युलेटर चालेल का. चालतो हो, पण १२ चे ५ करून १ अँपिअर घेतलात तर ७ वॅट नुसते तापण्यात जातात, आणि एवढ्याशा बंद डबीत तेवढा हीटसिंक मावणार कुठे.

म्हणून बक, म्हणजे भराभर चालू-बंद होऊन व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर. चिप आतला मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करते, पुढची कॉइल आणि कपॅसिटर मिळून त्याचा सरळ व्होल्टेज करतात. एलएम२५९६ या साध्या बक चिपच्या त्या निळ्या मॉड्यूलवर खाली एक शॉटकी डायोड दिसतो बघा, वरचा स्विच बंद असताना कॉइलचा करंट त्यातून जातो. १२ चे ३.३ करताना तो जवळपास ७२ टक्के वेळ चालू असतो, २ अँपिअरला ०.५ व्होल्ट ड्रॉप धरला तर पाऊण वॅट त्या एकट्या डायोडातच गेला. सिंक्रोनस चिपमध्ये डायोडच्या जागी दुसरा मॉस्फेट असतो, ४० मिलिओहमचा धरला तर तेच काम ०.१२ वॅटमध्ये होतं. टीपीएस५६३२०० घ्या, सहा पायांची तांदळाच्या दाण्याएवढी चिप, इनपुट १७ व्होल्टपर्यंत, ३ अँपिअर, ६५० किलोहर्ट्झ, त्यामुळे कॉइलही छोटी लागते.

आता खरं दुखणं. आमच्याच एका बोर्डावर अशी १७ व्होल्टवाली चिप होती, टेबलवर बेंच सप्लायला लावून दिवसभर मस्त चालायची, पण ग्राहकाकडे १२ व्होल्टचा अडॅप्टर आधी भिंतीत लावून मग पिन जॅकमध्ये खुपसली की चार-पाचातला एक बोर्ड तिथेच मरायचा, आणि आम्ही दोन आठवडे चिपलाच दोष देत बसलो. शेवटी ऑसिलोस्कोप लावला तर इनपुटला क्षणभर २१ व्होल्टचं टोक! दीड मीटरची वायर म्हणजे इंडक्टन्स आणि बोर्डावर नुसते सिरॅमिक कपॅसिटर, दोघं मिळून झोका घेतात आणि व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. सिरॅमिकच्या शेजारी १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलिटिक टाकला, त्याचा आतला रेझिस्टन्स तो झोका मारून टाकतो, त्यानंतर एकही बोर्ड परत आला नाही. काढू नका तो कपॅसिटर, प्लीज, जागा वाचवायला सगळे आधी तोच काढतात.

सिरॅमिक मात्र चिपच्या व्हीआयएन (इनपुट) आणि ग्राउंड पायांना अगदी चिकटून हवा, व्हाया (बोर्डातलं आरपार जोडणीचं भोक) मारून मागच्या बाजूला नको. आणि १६ व्होल्टच्या छोट्या १० मायक्रोफॅरड सिरॅमिकची क्षमता १२ व्होल्टवर निम्मीही उरत नाही बऱ्याचदा, तेव्हा २५ व्होल्टचा, शक्यतो मोठ्या १२०६ साइजचा घ्या. कॉइल घेताना सॅच्युरेशन करंट, म्हणजे ज्याच्या पुढे तिचा इंडक्टन्स कोसळतो तो करंट, बघा, फक्त मायक्रोहेन्री बघून घेऊ नका. फीडबॅकची लाइन, म्हणजे आउटपुटचा व्होल्टेज चिपला कळवणारी, कॉइलखालून नेऊ नका.

लेआउट झाला की गर्बर (बोर्ड बनवायला द्यायच्या फाइली) पाठवायच्या आधी आम्हाला पीडीएफ टाका, इनपुटची बाजू आम्ही बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही.