माळेने कावीळ उतरत नाही
कावीळ झाली की गळ्यात माळ घालतात. माळ लांबत गेली म्हणजे कावीळ उतरली, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. खरं तर माळेतल्या ओल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून ती लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल! मग रुग्ण बरा कसा होतो? दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे कावीळ करणारे यकृताचे विषाणूजन्य आजार बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. श्रेय माळेला जातं. पण गरोदर बाईला ई झाला तर जिवावर बेतू शकतं. रक्तातून पसरणारे बी आणि सी तर डोळ्यांचा पिवळेपणा गेल्यावरही वर्षानुवर्षं यकृत पोखरू शकतात. बी टाळायला लस आहे, सी सहसा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. यातला कोणता विषाणू आहे, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.