दात काढताच इम्प्लांट: टिकण्याचा प्रश्न सुटला, हिरडीचा राहिला

दात काढल्यावर सहा महिने ते वर्षभर थांबायचे. हाड भरून आले की टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवून वरून हिरडी शिवायची आणि खालच्या जबड्यात तीन, वरच्यात सहा महिन्यांनी दात चढवायचा. 1965 मध्ये पहिल्या रुग्णावर इम्प्लांट बसवणाऱ्या स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांची ही शिस्त होती.

जर्मनीत ट्युबिंगेनला विल्फ्रीड शुल्टे यांनी 1976 मध्ये दात काढल्याबरोबर हाडातल्या त्याच्या रिकाम्या खोबणीत बसणारा, पायऱ्यापायऱ्यांचा इम्प्लांट मांडला. कल्पना पक्की होती, पण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सिरॅमिक ठिसूळ. ते तुटायचे, म्हणून पुढे टायटॅनियम आले. 1989 मध्ये रिचर्ड लझारा यांनी ताज्या खोबणीतल्या इम्प्लांटवर संरक्षक पडदा वापरला.

लगेच इम्प्लांट बसवला की हाड झिजणारच नाही, ही आशा याच काळात रुजली. ती चुकीची होती. 2004 मध्ये बोटिचेली आणि सहकाऱ्यांनी चार महिन्यांनी हिरडी पुन्हा उघडून मोजले, तेव्हा खोबणीच्या ओठाकडच्या हाडाच्या भिंतीची जाडी सुमारे 56 टक्के, आतल्या बाजूची 30 टक्के घटलेली होती. पुढच्याच वर्षी आराऊजो आणि लिंडे यांच्या गटाने कुत्र्यांवरील प्रयोगांत हेच दाखवले. ओठाकडच्या भिंतीची कड मुख्यतः दाताला धरून ठेवणारे तंतू रुतलेल्या हाडाची असते. दात गेला की तंतू जातात, त्यांच्यातून येणारा रक्तपुरवठा तुटतो आणि ते हाड विरते. स्क्रू तंतूंची जागा घेऊ शकत नाही. वरच्या पुढच्या दातांत ही भिंत बहुतेकांची जेमतेम 1 मिमी किंवा त्याहूनही पातळ असते.

इव्हान्स आणि चेन यांच्या 2008 च्या पाहणीत ओठाकडे झुकलेल्या इम्प्लांटवरची हिरडी सरासरी 1.8 मिमी मागे सरकली, आतल्या बाजूच्यांवर 0.6 मिमी. आजची पद्धत अशाच मोजमापांतून घडली आहे. हिरडी न कापता, भिंत न मोडता दात काढायचा, खोबणी खरवडून स्वच्छ करायची, इम्प्लांट टाळूच्या बाजूला धरायचा, हिरडीच्या अपेक्षित कडेपासून 3–4 मिमी खोल न्यायचा आणि मुळाच्या टोकापलीकडच्या 3–5 मिमी हाडात घट्ट करायचा. भिंत आणि इम्प्लांट यांत सुमारे 2 मिमी फट ठेवून तिथे सावकाश विरघळणारे हाडाचे कण भरायचे. हिरडी पातळ असेल तर टाळूवरून ऊतीचा तुकडा आणून लावलेला बरा. लगेच तात्पुरता दात द्यायचा तर स्क्रू पिळताना साधारण 35 न्यूटन-सेंटिमीटर पकड मिळायला हवी, आणि त्या दातावर चावताना भार येता कामा नये.

लांग यांच्या 2012 च्या आढाव्यात दोन वर्षांनी 98.4 टक्के इम्प्लांट टिकलेले होते. कोसिन यांनी 2019 मध्ये थेट तुलना केली तेव्हा लगेच बसवलेले 94.9 आणि थांबून बसवलेले 98.9 टक्के टिकले. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शिवाय ‘टिकला’ म्हणजे फक्त जागेवर आहे. बेनिच यांनी सात वर्षांनी तपासलेल्या, जागेवर असलेल्या 14 इम्प्लांटपैकी 5 इम्प्लांटपुढे ओठाकडचे हाड जवळपास दिसतच नव्हते आणि तिथली हिरडी सुमारे 1 मिमी वर गेली होती. म्हणून भिंत आधीच फुटलेली असेल तर 4 ते 8 आठवडे थांबून, हिरडी भरल्यावर, हाडाच्या भरणासह इम्प्लांट बसवणे हाच रास्त मार्ग आहे.