डोळ्यांना पट्टी, हातात दोरी

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी ओसरली की एक गंमत करून बघा. मोकळ्या जागेत डोळ्यांवर घट्ट रुमाल बांधा आणि नाकासमोर चालत सुटा. सोबत एखादा मित्र मात्र हवाच. मी हे केलं. आपण अगदी सरळ चाललोय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. रुमाल सोडला, तर जिथून निघालो त्याच कडेला तोंड करून उभा! मित्र हसून बेजार.

2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हाच खेळ शिस्तीत खेळला. डोळे बांधलेली माणसं गोल-गोल फिरू लागली, काही वर्तुळं तर जेमतेम 20 मीटर व्यासाची होती. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब असतो म्हणून असं होतं, हा जुना समज त्यात टिकला नाही. ‘सरळ’ म्हणजे कुठे, याच्या मेंदूच्या अंदाजात दर पावलाला किंचित चूक होते आणि त्या चुका साठत जातात. एरवी डोळे त्या निमूटपणे दुरुस्त करत असतात.

धावपट्टीवरची एक लेन असते फक्त 1.22 मीटर रुंद. म्हणूनच अंध धावपटूंच्या शर्यतींत टी-11 या, म्हणजे जवळजवळ काहीच न दिसणाऱ्यांच्या गटात धावपटूसोबत एक वाटाड्या धावतो आणि दोघांना मिळून दोन लेन देतात. या गटात सगळ्यांच्याच डोळ्यांवर काळी पट्टी असते, कारण एखाद्याला नुसता उजेड-अंधार कळला तरी बरोबरी बिघडते.

दोघांचे शेजारचे हात एका दोरीने जोडलेले असतात, आणि ती न ताणली जाणारी असावी लागते. वाटाड्याने ओढायचं नाही, ढकलायचंही नाही. मग दोरी करते काय? बातमी पोचवते. तोल सांभाळायला शरीराकडे तीन साधनं असतात: डोळे, आतल्या कानातल्या नलिका आणि स्नायू-सांध्यांची जाणीव. पहिलं गेलं की तिसऱ्यावर भार येतो, आणि दोरी त्या तिसऱ्याशीच बोलते. मनगटाला लागलेला हलका ताण शब्दांपेक्षा लवकर कळतो.

शाळेतली तीन पायांची शर्यत आठवा. इथे पाय मोकळे असतात, पण शेजारचे दोन हात एकत्र हलतात, म्हणून दोघांची पावलं आरशातल्यासारखी पडावी लागतात: एकाचा डावा, तेव्हा दुसऱ्याचा उजवा. वळणावर आणखी पंचाईत. वाटाड्या बाहेरच्या बाजूने 70 सेंटिमीटर अंतर ठेवून धावला, तर अर्धवर्तुळाकार वळणात त्याला सुमारे 2.2 मीटर जास्त कापावे लागतात, तेही ताल न सोडता. वर सूचनाही देत राहायच्या. आणि शेवटच्या रेषेवर त्याने धावपटूच्या मागेच राहायचं, नाहीतर दोघंही बाद.

एवढं सांभाळून अमेरिकेच्या डेव्हिड ब्राउनने 2014 मध्ये 100 मीटर 10.92 सेकंदांत पार केलं. पूर्ण अंध धावपटूने 11 सेकंदांच्या आत धावण्याची ती पहिलीच वेळ. त्याच्या वाटाड्याला किती वेगाने पळावं लागत असेल, विचार करा! आपल्या सिमरन शर्माने 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 200 मीटरमध्ये 24.75 सेकंदांत कांस्य मिळवलं. तिच्या टी-12 गटात थोडं दिसतं, वाटाड्या घ्यायचा की नाही हे धावपटूने ठरवायचं. तिच्यासोबत अभय सिंग धावला. त्याच पॅरिसमध्ये स्पेनची एलेना कोंगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. रेषेच्या अगदी जवळ वाटाड्याच्या पायात गोळा आला, त्याला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली आणि पंचांनी तिला बाद ठरवलं. मला हा नियम तिथे फार कोरडा वाटला.

सावरपाड्याच्या कविता राऊतमुळे नाशिक जिल्ह्याला लांब पल्ल्याच्या धावण्याचं वेड ठाऊक आहे. इथे वेगात पळणारी मुलं पुष्कळ आहेत, पण दुसऱ्याच्या तालात पळणं हे निराळं कसब.

पुढच्या रविवारी मी आणि मित्राने बुटांची नाडी हातांत धरून पाहिली. रुमाल मलाच. पहिल्या फेरीत नऊ-दहा वेळा पावलं चुकली, तिसऱ्या फेरीत दोनदाच. मग तो मागे वळून कोणाला तरी ‘काय चाललंय’ म्हणाला आणि मी त्याच्या टाचेवर पाय दिला.