धर्मशिक्षण, सार्वजनिक शाळांतील (खानदेश)

सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत मुलांना एखाद्या धर्माची तत्त्वे, उपासना आणि आचार शिकवावेत की नाही, याविषयीचा जुना वाद. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात तो फारसा व्यासपीठावर रंगत नाही. तो शाळेच्या ओट्यावर, सकाळच्या परिपाठात आणि आदिवासी मुलांच्या निवासी आश्रमशाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत दिसतो.

इंग्रजी अमलात १८५४ च्या शिक्षणविषयक वुडच्या खलित्याने सरकारी शाळांसाठी धार्मिक तटस्थतेचे धोरण ठरवले. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने सर्व धर्मांना चालेल असे एक नीतिपाठाचे पुस्तक काढावे, अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांना ती पटली नाही. सर्वांना चालणारा धर्म पुस्तकात बसवायचा, तर तो कोणाच्याच घरच्यासारखा उरत नाही, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २८ ने कायद्यापुरता प्रश्न मिटवला. जी शाळा पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालते, तिथे धर्मशिक्षण देता येत नाही. ‘राज्य’ या शब्दात स्थानिक संस्थाही येतात, म्हणजे झेडपीची शाळाही आली. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित खासगी शाळेत धर्मशिक्षण असू शकते, पण मुलावर त्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी एक व्यावहारिक मुद्दा मांडला होता: करातून चालणाऱ्या लोकल बोर्डाच्या हद्दीत नाना धर्मांची मुले असताना बोर्डाने कोणाकोणाची सोय करायची? हा मुद्दा जळगाव जिल्ह्यातल्या यावल किंवा रावेर तालुक्यात उभे राहिले की ताबडतोब समजतो. एकाच पट्ट्यात वारकरी, महानुभाव, बौद्ध, जैन आणि मुसलमान घरे आहेत. शिवाय तडवी भिल्ल आहेत, जे अनुसूचित जमातीत मोडतात आणि बहुतांशी इस्लाम पाळतात. धर्माचा एक तास ठेवायचा झाला, तर वेळापत्रकात आधी कोणाचे नाव लिहायचे?

तास नसला तरी धर्म शाळेत येतोच. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार आणि दिनविशेष होतात, आणि पुष्कळ ठिकाणी शेवटी पसायदान. दसऱ्याच्या सुमारास पाटीपूजन असते: पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढायची, वर हळद-कुंकू आणि झेंडूचे फूल. वर्गातले प्रत्येक पोर ते चित्र काढते आणि कोणालाच ते धर्मशिक्षण वाटत नाही. वाटावे की नाही, यावर शिक्षकांतही एकमत नाही. राज्याच्या मूल्यशिक्षणातील दहा मूल्यांत ‘सर्वधर्मसहिष्णुता’ आहे. ती फलकावर सुवाच्य लिहिली जाते.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) एक उपयोगी भेद केला: धर्माचे शिक्षण वेगळे आणि धर्मांविषयीचे शिक्षण वेगळे. पहिले टाळावे, दुसरे द्यावे. २००२ च्या अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांची ओळख करून देणे अनुच्छेद २८ च्या विरोधात नाही, असे ठरवले. कागदावर रेषा स्पष्ट आहे, वर्गात ती पुसट होते. एखादा श्लोक अर्थ समजून घेण्यासाठी वाचला तर ओळख, आणि रोज हात जोडून म्हटला तर? २०२२ मध्ये गुजरात सरकारने सहावी ते बारावीच्या वर्गांत गीता आणण्याची घोषणा केली. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, त्यामुळे ती बातमी इथे परराज्यातली म्हणून वाचली जात नाही. मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात गीता आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना आली, मनुस्मृतीतला एक श्लोकही उद्धृत झाला, आणि वाद पेटला.

खानदेशाला या बाबतीत एक वेगळा वारसा आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाचे काम पाहत. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत; धर्म शिकवण्याची त्यांची रीत ती होती. ‘खरा तो एकचि धर्म’ ही त्यांची प्रार्थना आज असंख्य शाळांत म्हटली जाते. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती गुरुजींनी उतरवून घेतली. मराठीतले गीतेचे सर्वाधिक वाचले गेलेले पाठ खानदेशात सरकारी खर्चाच्या इमारतीत झाले खरे, पण श्रोते कैदी होते आणि आपखुशीने बसले होते.

या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: धर्म म्हणजे ग्रंथ. इथे ते लागू पडत नाही. श्रावणात खानदेशची लोकदेवी कानबाई घरात बसते तेव्हा घरातले पुरुष मोजून त्यांच्या नावाने मुठीमुठीने गहू काढतात आणि त्याचे रोट करतात. त्याची पोथी नाही. आजी सांगते, सून ऐकते. सातपुड्यात तर हे आणखी ठळक आहे. नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या (२०११) आदिवासी आहे. भिल्ल, पावरा, मावची यांच्या मुलांसाठी आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळा आहेत आणि संस्थांच्या अनुदानित आश्रमशाळाही. मूल वर्षातले बहुतेक महिने तिथेच राहते, त्यामुळे घरच्या ओसरीवर जे आपोआप शिकले जाते, ते त्याला मिळत नाही. आदिवासींच्या याहामोगी देवीची कथा त्याच्या पुस्तकात नसते. पुस्तकातल्या संतांचे अभंग पाठ असतात. धर्मशिक्षण नको म्हणणारा नियम इथे पाळला जातो आणि तरीही एक धर्म शिकवला जातो, दुसरा विसरला जातो.

होळी मात्र विसरली जात नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीसाठी बुध्या होणारे पुरुष काही दिवस व्रत पाळतात, जमिनीवर झोपतात, मग मोरपिसांचा टोप घालून आणि कमरेला घुंगरू बांधून रात्रभर नाचतात. त्या दिवसांत पाड्यांकडे जाणाऱ्या जीप मुलांनी भरलेल्या असतात, आणि आश्रमशाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणांच्या रांगा लागतात.