बडोद्याच्या लाऱ्या आणि एक तोंडी हुकूम

बडोदा महापालिकेचा कारभार ज्या इमारतीतून चालतो, तिचे नावच मुळी मार्केट आहे. सयाजीराव महाराजांनी 1906 साली बांधलेल्या खंडेराव मार्केटच्या आवारात आजही भाजी-फुले विकली जातात. संस्थानी काळाचे एवढे पुरे. लारीवाल्याची, म्हणजे हातगाडीवर धंदा करणाऱ्याची, आज ज्या नियमांशी गाठ पडते, ते सगळे नंतरचे आहेत, आणि मांसाहारी लाऱ्या झाकण्याचा 2021 चा तोंडी हुकूमही.

1 मे 1949 ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मुंबई प्रांतिक महापालिका कायदाही त्याच वर्षीचा. 1960 मध्ये गुजरात वेगळा झाला, तरी कायदा तोच राहिला. पुढे त्याच्या नावातली 'मुंबई' जाऊन 'गुजरात' आले, इतकेच. म्हणजे पुण्याचा पथारीवाला आणि आपल्या मंगळबाजारातला पाथरणावाला हे बराच काळ एकाच कायद्याखाली उचलले जात होते. त्यातले कलम 231 आयुक्तांना रस्त्यावर मांडलेला माल विनानोटीस हलवू देते. दबाणवाल्यांची, म्हणजे अतिक्रमण हटवणाऱ्यांची, सगळी भिस्त या 'विनानोटीस'वर.

1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरचा धंदा हाही घटनेने दिलेल्या व्यवसाय-स्वातंत्र्यात बसतो, मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतात, असे सांगितले. ही बंधने कोणती आणि ती कोणी घालायची, हे कायद्यात यायला 2014 उजाडले. त्या वर्षीच्या पथविक्रेता कायद्याने दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती आणि त्या समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना, अशी मांडणी केली. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला हलवायचे नाही. हलवायचे तर 30 दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर त्याची यादी द्यायची आणि नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करायचा. जुन्या कायद्याशी विसंगती आली तर हाच कायदा वरचढ, हेही त्यात लिहिलेले आहे. कागदावर 'विनानोटीस' तिथेच संपायला हवे होते.

आता नोव्हेंबर 2021. सुरुवात राजकोटने केली, बडोद्याने लगेच री ओढली. आपल्याकडे स्थायी समितीच्या तत्कालीन अध्यक्षांनी अधिकाऱ्यांना तोंडी सूचना दिली: मांसाहारी पदार्थ आणि अंडी उघड्यावर दिसता कामा नयेत, लाऱ्या झाकल्या जाव्यात, मुदत 15 दिवस. कारणे तीन सांगितली गेली. स्वच्छता, वाहतुकीला अडथळा आणि धार्मिक भावना. पहिल्या दोन कारणांसाठी नियम आधीपासून होते आणि ते शेव-उसळीच्या लारीलाही तितकेच लागू होते. तिसऱ्यासाठी 2014 च्या कायद्यात एक ओळसुद्धा नाही. समितीपुढे प्रस्ताव नाही, लेखी आदेश नाही, हरकती मागवणे नाही. तोंडी सूचनेची हीच गंमत असते. खालच्या माणसाला ती पाळावीच लागते आणि वरच्याला ती कधीही नाकारता येते.

आम्लेटची लारी झाकायची तरी कशी? तापलेला तवा, शेजारी एकावर एक रचलेले अंड्यांचे ट्रे, खाली गॅसची बाटली. बाजूने कापड बांधले तर आगीची भीती, आणि गिऱ्हाईकाला आत काय मिळते ते कळायचे नाही. समोरच्या भजीवाल्याच्या कढईवर झाकण असावे, असे मात्र त्या दिवसांत कोणी म्हटल्याचे ऐकले नाही. स्वच्छतेची सबब तिथेच उघडी पडली.

थोड्याच दिवसांत मुख्यमंत्र्यांनी सांगितले की कोण काय खातो याच्याशी सरकारला देणेघेणे नाही. प्रश्न अस्वच्छ अन्नाचा आणि रस्ता अडवणाऱ्या लाऱ्यांचा आहे. अहमदाबादच्या लारीवाल्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. लोकांनी काय खावे हे तुम्ही कोण ठरवणार, असे न्यायालयाने 9 डिसेंबर 2021 ला तिथल्या महापालिकेला खडसावले. पण महापालिकेने आपली मोहीम फक्त अतिक्रमणाविरुद्ध असल्याचे सांगितले, आणि जप्त माल सोडवण्याच्या अर्जांवर लवकर निर्णय घ्या, एवढ्यावर प्रकरण मिटले. झाकण्याची सूचना कायदेशीर होती की नव्हती, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. 'अतिक्रमण' म्हटले की बाकी सगळे माफ, हा धडा मात्र अधिकाऱ्यांनी नीट गिरवला असावा.

याच्या सुमारे दीड वर्ष आधी, जून 2020 मध्ये, फेरीवाल्यांना कर्ज देणारी केंद्राची स्वनिधी योजना आली होती: पहिले कर्ज 10,000 रुपयांचे. सर्वेक्षणात ज्यांचे नाव नव्हते त्यांना महापालिकेनेच शिफारसपत्र द्यायचे होते. त्यामुळे ज्या माणसाला महापालिकेचे एक खाते 'हा आमच्या शहरातला फेरीवाला' म्हणून बँकेकडे पाठवते, त्याचीच लारी दुसरे खाते ट्रकमध्ये चढवू शकते. शिफारसपत्र कर्जापुरते, जागेसाठी लागते ते पथविक्री प्रमाणपत्र, आणि तो कागद वेगळा. 2025 मध्ये केंद्राने पहिल्या कर्जाची मर्यादा 15,000 रुपये केली आणि योजनेला मार्च 2030 पर्यंत मुदतवाढ दिली. कलम 231 अजूनही कायद्याच्या पुस्तकात आहे.