कॅथलिक माध्यमिक शाळेतील प्रार्थना व उपासना (नागपूर)

कॅथलिक धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) किंवा धर्मसंघ चालवत असलेल्या माध्यमिक शाळेत वर्षभर होणाऱ्या प्रार्थना, पवित्र मिस्सा (भाकर-द्राक्षारसाच्या अर्पणाचा मुख्य उपासनाविधी), जपमाळ, रिट्रीट (प्रार्थना-चिंतनाचे शिबिर) आणि सणांचे विधी यांची आखणी. नागपुरात ती तीन पातळ्यांवर चालते : रोजच्या असेंब्लीतली सर्वांची प्रार्थना, कॅथलिक विद्यार्थ्यांची स्वतंत्र उपासना आणि सगळ्यांना खुले असलेले मोजके सोहळे. कोणती गोष्ट कोणत्या पातळीवर बसते हे ठरवणे हा या कामाचा गाभा. माईक, फुले, वेळापत्रक हे सगळे त्यामागून येते.

पार्श्वभूमी

नागपूरचा धर्मप्रांत विशाखापट्टणमपासून वेगळा होऊन 1887 मध्ये स्थापन झाला आणि 1953 मध्ये महाधर्मप्रांत बनला. सुरुवातीचे मिशनरी मुख्यतः फ्रान्समधील आनसी येथे 1838 मध्ये स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे होते. म्हणून सदरमधले कॅथीड्रल व शाळा आणि सेमिनरी हिल्सवरचे कॉलेज यांना याच संताचे नाव आहे. सेमिनरी हिल्स हे नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयावरून) पडले. शहरातल्या सगळ्याच जुन्या ‘कॉन्व्हेंट’ शाळा मात्र कॅथलिक नाहीत. बिशप कॉटन शाळा अँग्लिकन परंपरेतली आहे, हिस्लॉप कॉलेज स्कॉटिश मिशनचे. आणि आता तर नागपुरात कुठलीही इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा बोलण्यात कॉन्व्हेंटच असते, तिचा चर्चशी काडीचा संबंध नसला तरी.

या शाळांत कॅथलिक मुले संख्येने थोडी. वर्गातली बहुतेक मुले हिंदू आणि बौद्ध घरांतली, शिवाय मुस्लिम, शीख, जैन, सिंधी. कॅथलिक मुलांच्या घरची भाषाही एक नाही : मल्याळम, तमिळ, तेलुगू, कोकणी, हिंदी, सादरी, मराठी. त्यामुळे शाळेतल्या मिस्सेत पहिले वाचन इंग्रजीत, भजन हिंदीत आणि एखादी विनवणी मराठीत, अशी सरमिसळ सहज चालून जाते.

कायदा आणि चर्चचे नियम

राज्यघटनेचे कलम 30(1) अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. कलम 28(3) त्याला मर्यादा घालते : सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण घ्यायला अथवा उपासनेला हजर राहायला कोणालाही भाग पाडता येत नाही, स्वतःची, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची, संमती लागते. चर्चचा कायदाही याच दिशेने जातो. 1983 च्या धर्मविधिसंहितेतील कलम 748 नुसार कोणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला लावता येत नाही. धर्मशिक्षणावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी बिशपांची (कलम 804 व 806).

भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने 2024 मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, असेंब्लीत घटनेची उद्देशिका वाचावी आणि आवारात शक्य तर सर्वधर्मीय प्रार्थना-खोली असावी, असे त्यांत सांगितले आहे. उद्देशिकेचे वाचन महाराष्ट्रातल्या शाळांना नवे नव्हते. राज्य सरकारने ते 26 जानेवारी 2020 पासूनच आवश्यक केले होते.

संमतीची पद्धत मात्र बऱ्याचदा ढिली असते. प्रवेशाच्या वेळी दहा कागदांवर सह्या घेताना त्यातच ‘शाळेच्या सर्व कार्यक्रमांस मान्यता’ असे एक वाक्य टाकून मोकळे होणे हा काही संमतीचा खरा मार्ग नव्हे. मिस्सेच्या आठवडाभर आधी डायरीत नोटीस देऊन, न येणाऱ्या मुलांसाठी त्या तासाला लायब्ररी किंवा खेळाची सोय ठेवणे जास्त प्रामाणिक आहे. सोय नसेल तर ‘ऐच्छिक’ या शब्दाला अर्थ उरत नाही, कारण रिकाम्या वर्गात एकटे बसायला कोणतेच मूल तयार होत नाही.

असेंब्लीतली प्रार्थना

मराठी शाळेतला परिपाठ तीच इथली असेंब्ली. घंटा, पीटी सरांची शिट्टी, उंचीप्रमाणे रांगा, सावधान-विश्राम. मग प्रार्थना, प्रतिज्ञा, उद्देशिका, बातम्या, सुविचार, 2023 पासून राज्यगीत, आणि राष्ट्रगीत. दहा-पंधरा मिनिटांच्या या गर्दीत प्रार्थनेच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटे येतात. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली तरी नागपूरच्या उन्हात मैदानावर लांबण लावता येत नाही. मग मुले वर्गातच उभी राहतात आणि प्रार्थना स्पीकरवरून होते.

साधारण रीत अशी की दर आठवड्याला एक वर्ग जबाबदारी घेतो. समजा, आठवी ‘ब’ची पाळी आहे. वर्गशिक्षिका पाच-सहा मुले निवडते. एक विषय ठरतो (क्षमा, पाऊस, परीक्षा, शाळेतले सफाई कामगार), एक उतारा, एक गाणे, चार विनवण्या. मुलांनी प्रथम लिहून आणलेल्या विनवण्या हमखास ‘जगात शांतता नांदो’ या वळणाच्या असतात. कसलेली शिक्षिका त्यांवर पेन्सिलीने रेघ मारते आणि विचारते, ‘शांतता कुठं हवी आहे, ते सांगा की.’ मग दुसऱ्या खेपेला येते : ‘बसमध्ये मागच्या सीटवर रोज जी भांडणं होतात ती थांबोत.’ किंवा ‘कँटीनच्या मावशींच्या मुलीचं ऑपरेशन आहे, तिला बरं वाटो.’ अशा विनवणीला मैदानातून येणारा ‘आमेन’ही वेगळा ऐकू येतो. नावे घेण्यापूर्वी संबंधितांना विचारायचे, हा नियम मात्र पाळावा लागतो.

सर्वांसाठी प्रार्थना लिहिताना ‘प्रभू येशू’ऐवजी ‘हे परमेश्वरा’ असे म्हटले की काम झाले, असा समज आहे. नागपुरात तो टिकत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना दिली. त्या घरांतल्या मुलांच्या दृष्टीने सृष्टीकर्त्या परमेश्वराला हाक मारणे हेदेखील सर्वसमावेशक नसते. सगळ्यांना चालेल असा मजकूर घोटत बसले की शेवटी त्यात कोणाचेच काही उरत नाही. त्यापेक्षा दोन पद्धती बऱ्या. एक, ख्रिस्ती प्रार्थना ख्रिस्ती म्हणूनच स्पष्ट म्हणायची आणि इतरांनी शांत उभे राहावे असे आधीच सांगायचे. दोन, अर्ध्या मिनिटाचे मौन. मौनाला भाषांतर लागत नाही आणि संमतीपत्रही लागत नाही, तरी बहुतेक शाळा त्याचा वापर केवळ श्रद्धांजलीपुरता करतात.

क्रुसाची खूण माईकवरून सर्वांना करायला सांगू नये, असा संकेत आहे. गंमत अशी की पेपर हातात पडताच क्रुसाची खूण करणारी बिगरख्रिस्ती मुले या शाळांत सर्रास दिसतात. ती सवय शिक्षकांनी लावलेली नसते, शेजारच्या बाकावरून आलेली असते.

मिस्सा

मिस्सा फक्त धर्मगुरूच अर्पण करू शकतो. म्हणून सिस्टर चालवत असलेल्या शाळेला तारीख ठरवताना पहिला फोन धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांना करावा लागतो. धर्मविधिसंहितेच्या कलम 932 नुसार विधी पवित्र स्थळी व्हावा, गरज असेल तरच अन्यत्र. तिथेही साजेसे टेबल, त्यावर पांढरे वस्त्र आणि कॉर्पोरल (भाकर व पेल्याखाली पसरायचे छोटे कापड) लागते. शाळेच्या चॅपलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) सगळे मावत नाहीत, म्हणून सभागृह हीच ती ‘गरज’ ठरते. मग स्टेजवरचा स्नेहसंमेलनाचा पडदा मागे ओढायचा, वक्त्यांचा पोडियम वाचनासाठी ठेवायचा आणि पंख्यांचा प्रश्न सोडवायचा. पंखे चालू ठेवले तर वेदीवरच्या मेणबत्त्या विझतात, बंद केले तर जुलैच्या दमटपणात पाचवीची मुले कोमेजतात. मेणबत्तीभोवती काचेची चिमणी बसवणे हा यावरचा जुना उपाय.

रोमने 1 नोव्हेंबर 1973 रोजी मुलांबरोबरच्या मिस्सेसाठी स्वतंत्र निर्देशिका काढली. ती किशोरवयाच्या अलीकडच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे माध्यमिक शाळेत पाचवी-सहावीपुरतीच उपयोगी. तिच्यानुसार बायबलमधली वाचने कमी करता येतात, पण शुभवर्तमानाचे (येशूच्या जीवनवृत्तांताचे) वाचन गाळता येत नाही. मोठ्या वर्गांसाठी नेहमीचाच विधी वापरावा लागतो, आणि तो मुलांना कंटाळवाणा वाटतो ही तक्रार बव्हंशी प्रवचनाच्या लांबीबद्दल असते, विधीबद्दल नव्हे.

ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत अर्पण केलेली भाकर, सर्वसाधारणपणे कॅथलिकांनाच दिला जातो (कलम 844), तोही प्रथम ख्रिस्तप्रसाद झालेल्यांना. तिरुपतीचा लाडू सगळ्यांत वाटून खाणाऱ्या मुलांना हे खटकते, आणि ते साहजिक आहे. म्हणून रांगा लागण्यापूर्वी कोणी यायचे, कोणी जागेवर बसायचे आणि नुसता आशीर्वाद हवा असेल त्याने छातीवर हात फुलीसारखे ठेवून यायचे, हे आदल्या दिवशी वर्गात सांगतात. हे काम ऐन विधीत माईकवरून केले की ते हाकलल्यासारखे वाटते. याउलट ॲश वेन्सडेची, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवसाची, राख हा संस्कार नव्हे, आशीर्वादाच्या पातळीवरचा विधी आहे. तो इतर धर्मीयांनाही देता येतो (कलम 1170). गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) झावळ्या जाळून केलेली ही राख कपाळाला लावून घ्यायला बिगरख्रिस्ती मुले उत्सुक असतात, पण घरी जाण्याआधी पालकांना कल्पना दिलेली बरी.

शालेय वर्ष आणि उपासनावर्ष

ही दोन वर्षे एकमेकांशी जुळत नाहीत. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, म्हणून वर्षारंभाची मिस्सा बहुधा जुलैत ढकलली जाते. 15 ऑगस्टला मरियामातेचे स्वर्गोन्नयन आणि झेंडावंदन एकाच सकाळी येतात. कॅथलिक शिक्षकांची त्या दिवशी तारांबळ ठरलेली. 8 सप्टेंबरचा मरियामातेचा जन्मोत्सव कधीकधी गणपतीच्या दिवसांत पडतो. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, पण सहामाही परीक्षा आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याचा बराच भाग जातो. त्यामुळे मधल्या सुट्टीत चॅपलमध्ये जपमाळेचे रोज एकच दशक (दहा मण्यांचा भाग) म्हणायची पद्धत पडली आहे. 24 जानेवारी हा संत फ्रान्सिस द सेल्स यांचा सण, दोन दिवसांवर प्रजासत्ताक दिन. प्रायश्चित्तकाळ सुरू होतो तो दहावीच्या बोर्डाच्या तोंडावर, आणि तेव्हा दहावीच्या मुलांना रिट्रीटला पाठवण्यावरून पालक, मुख्याध्यापक आणि फादर यांच्यात दरवर्षी रस्सीखेच होते. ती टाळायची तर दहावीचे रिट्रीट डिसेंबरात, नाताळपूर्वीच्या आगमनकाळातच उरकावे.

जबाबदारी

आठवड्यातून ठरावीक तासाला कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला आणि बाकीची मूल्यशिक्षणाला जातात, ही विभागणी जुनी आहे. पूर्णवेळ चॅप्लन (शाळेची उपासना सांभाळणारा धर्मगुरू) फारच थोड्या शाळांना मिळतो. कामाचा भार एखादी सिस्टर, एक-दोन शिक्षक आणि कॉयर सांभाळणारे संगीत शिक्षक यांच्यावर पडतो. संगीत शिक्षक बऱ्याच ठिकाणी ख्रिस्ती नसतात, पण भजनांचा क्रम त्यांनाच तोंडपाठ असतो. काही शाळांत वाय.सी.एस. (यंग ख्रिश्चन स्टुडंट्स) ही विद्यार्थी चळवळ असते. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी कामगार तरुणांसाठी रुजवलेली ‘पाहा, पारखा, करा’ ही पद्धत ती वापरते. भारतात तिच्याच जोडीने वाय.एस.एम. (यंग स्टुडंट्स मूव्हमेंट) या नावाने इतर धर्मांच्या मुलांनाही त्यात घेतले जाते. ही चळवळ जिथे जिवंत आहे तिथे असेंब्लीचे विषय मुलांकडून येतात. जिथे नाही तिथे मागच्या वर्षीची फाइल उघडून तीच प्रार्थना नव्या तारखेसह पुन्हा वाचली जाते.