सीडी घ्यावी की डाउनलोड करावं?

"फोनवर सगळं मिळतं, मग सीडी कशाला?" दादरच्या आमच्या दुकानात हा प्रश्न रोज येतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून आमचं म्हणणं इथे लिहून देत आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. डिस्क म्हटली की आवाज चांगलाच, असं नाही. स्टेशनबाहेर 'शंभर गाणी एका डिस्कवर' म्हणून मिळायची ती एमपीथ्री सीडी, म्हणजे आवाजातला काही भाग गाळून लहान केलेल्या फाइलींची डिस्क. खऱ्या ऑडिओ सीडीवर फार तर 80 मिनिटं मावतात. तिच्यातला एक तास सुमारे 635 एमबीचा असतो. तोच तास 320 केबीपीएस (सेकंदाला किती किलोबिट माहिती, त्याचं माप) एमपीथ्रीत 144 एमबीत बसतो आणि 128 वर 58 एमबीत. 320 ला बहुतेकांना फरक ओळखता येत नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. 128 ला मात्र तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झणकार, विरून जाते आणि झांजांचा नाद खरखरीत लागतो. त्यामुळे डाउनलोड करायचंच असेल तर फ्लॅक फाइल मागा. तिच्यात आवाजातलं काहीच गाळलेलं नसतं, तरी जागा साधारण सीडीच्या निम्मी लागते. एमपीथ्रीचं पुन्हा फ्लॅक केलं तर गेलेला आवाज परत येत नाही, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मैफलीच्या सीडीवर विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) भाग वेगवेगळे ट्रॅक असले तरी ते सलग वाजतात. एमपीथ्रीत काही प्लेअर दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर थांबतात आणि नेमकी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकते.

आम्हाला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. सीडीच्या पुस्तिकेत राग, ताल, बंदिशीचे शब्द, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण हे छापलेलं असतं. डाउनलोडमध्ये बऱ्याचदा गायकाचं आणि रागाचं नाव तेवढं उरतं. ज्यांनी तासभर ठेका धरला त्यांचं नाव गळतं. आमच्या मते हा आवाजापेक्षा मोठा तोटा आहे.

मालकीचंही बघा. डाउनलोडमध्ये सहसा तुम्ही वापरण्याचा परवाना घेता. सीडी तुमची असते, भाचीला द्या नाहीतर विका. फ्लिपकार्टचं 'फ्लाइट' हे डाउनलोडचं दुकान 2012 मध्ये उघडलं आणि 2013 मध्ये बंदही झालं. ज्यांनी गाणी उतरवून जपली, त्यांचीच राहिली. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकानही 2016 मध्ये बंद झालं, पण तिथल्या सीडी आमच्या गिऱ्हाइकांकडे आजही वाजतात.

तेव्हा जे गाणं जन्मभर ऐकणार, त्याची सीडी घ्या आणि तिची फ्लॅक प्रत करून ठेवा. एकदा ऐकून बघायचं असेल तर डाउनलोड पुरे. फाइली मात्र दोन ठिकाणी ठेवा. फोन गेला की गाणी गेली, असं सांगत येणारे आम्हाला दर महिन्याला भेटतात.

मुंबईच्या पावसाळ्यात सीडी भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ओल धरते. पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. छापील बाजू जास्त जपा: चकाकणारा थर तिच्या लगेच खाली असतो, तिथे ओरखडा गेला की आवाज कायमचा जातो. जुनी सीडी घेताना ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर थर झडू लागला आहे. घरी बर्न केलेल्या सीडी सर्वांत आधी उतरवून घ्या. त्यांच्यावरची नोंद रंगद्रव्याच्या थरात असते आणि उन्हाने, उष्णतेने तो फिकटतो. मुंजीच्या किंवा घरगुती मैफलीच्या डिस्कची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते.

तुमच्या सीडींची फ्लॅक प्रत आम्ही करून देतो. आणताना रिकाम्या डब्या नकोत, पुस्तिकेसकट आणा. साथसंगत करणाऱ्यांची नावं फाइलीवर चढवायची असतात.